ओपन सोर्स संगीत सॉफ्टवेअरची दिशा कशी ठरवावी

संगीताचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर सुरू करणारी बहुतेक माणसं स्वतः काहीतरी वाजवत असतात. एखादं काम अडतं, दोन-चार रात्री बसून कोड लिहिला जातो, तो चालतो. मग तो दुसरं कोणी वापरू लागतं, आणि इथवर दिशेचा प्रश्नच येत नाही. तिसरा माणूस येऊन विचारतो, 'यात मिडी (वाद्यं आणि संगणक यांच्यात स्वरांच्या सूचना पाठवण्याची पद्धत) कधी येणार?' चौथ्याला मोबाइलवर हवं असतं. पाचवा स्वतः कोड लिहून घेऊन येतो, कोड चांगला असतो, आणि नाही म्हणायला काही कारण सुचत नाही. वर्षभरानं पाहावं तर सगळंच थोडं थोडं आहे आणि मन लावून वापरावं असं एकही काम पूर्ण होत नाही.

छोट्या प्रकल्पांमध्ये काम करताना मी हे जवळून पाहिलं आहे. कोड वाईट म्हणून प्रकल्प रखडला असं क्वचितच झालं. काय घालायचं यावर तासन्‌तास बोलणं व्हायचं, पण ते कोणासाठी हे कोणी लिहूनच ठेवलेलं नसायचं. म्हणून खालच्या पायऱ्या. त्या नुसत्या सांगण्यापेक्षा एक काल्पनिक प्रकल्प सोबत घेऊ या: ध्वनिमुद्रण सावकाश वाजवून सराव करायचं सॉफ्टवेअर. प्रत्येक पायरीला त्याचं काय होतं ते बघत जाऊ.

१. एक माणूस आणि एक क्षण निवडा

'संगीतकारांसाठी मोफत साधन' हे उद्दिष्ट नाही. त्यात कोणतीही गोष्ट बसते, त्यामुळे त्याच्या आधारावर काहीच ठरवता येत नाही. त्याऐवजी एक वाक्य लिहा, ज्यात माणूस असेल, वेळ असेल आणि हातातलं काम असेल. आपल्या सराव-सॉफ्टवेअरचं वाक्य असं होईल: 'वाद्य हातात घेऊन बसलेल्या विद्यार्थ्याला, ध्वनिमुद्रणातला एक अवघड तुकडा स्वर न बदलता सावकाश, पुन्हा पुन्हा ऐकता यावा आणि त्याच्यासोबत वाजवता यावं.'

या एका वाक्यातून किती गोष्टी निघतात पाहा. वाद्य हातात आहे, म्हणजे माउसपर्यंत हात सारखा जाणार नाही. बटणं मोठी हवीत, कीबोर्डची एकच कळ किंवा पायाचा स्विच पुरायला हवा. तुकडा पुन्हा पुन्हा वाजणार, म्हणजे शेवटून सुरुवातीला उडी मारताना खट्‌कन आवाज आला तर सगळी मेहनत वाया. स्वर बदलायचा नाही, म्हणजे टाइम-स्ट्रेचिंगची, स्वर तोच ठेवून वेग बदलण्याच्या गणिताची, गुणवत्ता हा या सॉफ्टवेअरचा प्राण.

स्वरलिपीच्या दोन प्रकल्पांची तुलना इथे फार शिकवून जाते. लिलीपाँड १९९६ मध्ये हान-वेन निएनहाउस आणि यान निउवेनहाउझेन यांनी सुरू केलं. हातानं कोरून छापलेल्या जुन्या स्वरलिपीची सुबकता संगणकानं द्यावी, हा त्यामागचा ध्यास. त्यात मजकूर टाइप करायचा आणि पान तयार होऊन मिळतं. माउसनं स्वर उचलून ठेवण्याची सोय त्यात नाही. टाइप करणं सोपं व्हावं म्हणून फ्रेस्कोबाल्डीसारखे स्वतंत्र संपादक आहेत, पण तेही मजकुराचेच. म्यूझस्कोअरनं दुसरा क्षण निवडला: स्वर पडद्यावर मांडता मांडता लगेच ऐकू पाहणारा माणूस. दोन्ही ओपन सोर्स, दोन्हींचं फळ म्हणजे छापील पान, तरी दोघांचे निर्णय जवळपास प्रत्येक ठिकाणी वेगळे. माणूस वेगळा निवडला म्हणून.

सॉनिक पाय हे आणखी एक उदाहरण. सॅम आरन यांनी ते २०१२ मध्ये केंब्रिज विद्यापीठात, रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर शाळेतल्या मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवता यावं म्हणून सुरू केलं. वर्गात बसलेलं मूल डोळ्यांसमोर असल्यामुळे भाषा साधी ठेवणं ही अट झाली. पुढे तेच साधन रंगमंचावरच्या थेट सादरीकरणातही वापरलं जाऊ लागलं. नेमक्या माणसासाठी केलेलं काम इतरांपर्यंतही पोचतं, त्यामुळे वाक्य अरुंद झालं तर घाबरू नका.

२. आधीपासून काय आहे ते वापरून पाहा

ही पायरी लहान आहे, पण गाळू नका. ध्वनिमुद्रण आणि संपादनासाठी ऑडॅसिटी आणि आर्डर, संगीतरचनेसाठी एलएमएमएस, ड्रमसाठी हायड्रोजन, डीजेंसाठी मिक्स (Mixxx). यातलं आपल्या कामाच्या जवळचं जे असेल त्यात तेच काम प्रत्यक्ष करून बघा आणि कुठे अडलं ते लिहून ठेवा. अडचण एवढीच असेल की एखादा इफेक्ट किंवा वाद्य नाही, तर नवीन सॉफ्टवेअर काढू नका, प्लगइन, म्हणजे दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या आत चालणारा छोटा जोडभाग, लिहा. एलव्ही-टू किंवा २०२२ मध्ये आलेलं क्लॅप यांसारख्या खुल्या प्लगइन पद्धती आहेत. ऑडिओ कार्डाशी बोलणं, फायली उघडणं, ट्रॅक मांडणं ही सगळी कामं यजमान सॉफ्टवेअरवर सोपवता येतात, आणि त्यात वाचलेली वर्षं मोजण्यासारखी असतात.

३. 'करणार नाही' ही यादी आधी लिहा

उद्दिष्टांच्या यादीवर कोणी भांडत नाही. खरी चर्चा या दुसऱ्या यादीवर होते, आणि म्हणूनच ती सगळ्यात उपयोगी. आमच्याकडे एकदा यावर दोन संध्याकाळी गेल्या, पण त्यानंतरची कित्येक महिन्यांची ओढाताण थांबली.

यादीत फक्त मोहाच्या गोष्टी लिहा. 'आम्ही हिशेबाचं सॉफ्टवेअर करणार नाही' हे लिहून काही मिळत नाही. आपल्या सराव-प्रकल्पासाठी मी अशी लिहीन:

- अनेक ट्रॅकचं ध्वनिमुद्रण करणार नाही. स्वतःचं वाजवणं एका ट्रॅकवर टिपता येईल, तेवढंच.
- मिक्सिंग आणि इफेक्ट नाहीत. त्यामुळे प्लगइन चालवण्याची सोयही नाही.
- गाणी शोधून उतरवून घेण्याची सोय नाही. फाइल वापरणाऱ्यानं आणायची.
- आवृत्ती १.० पर्यंत स्वर आपोआप ओळखून लिहून देणं नाही. त्यानंतर पुन्हा विचार करू.

शेवटच्या ओळीत फरक आहे. काही नकार कायमचे असतात, काही आजपुरते. दोन्ही एकत्र केले की लोक प्रत्येक नकाराकडे 'अजून नाही' म्हणून पाहू लागतात. प्रत्येक ओळीपुढे एका वाक्यात कारणही लिहा, कारण दोन वर्षांनी ते तुम्हालाच आठवणार नाही.

आजपुरत्या नकाराचं चांगलं उदाहरण आर्डरचं आहे. पॉल डेव्हिस यांनी त्याचं काम सुरू केलं ते एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर, आणि कितीतरी वर्षं ते मुख्यतः ध्वनिमुद्रण आणि संपादनाचंच साधन राहिलं. मिडीचं मुद्रण आणि संपादन आलं ते २०१३ च्या ३.० आवृत्तीत.

आणि एखादी गोष्ट चांगली आहे पण इथली नाही, असं दिसलं तर? म्यूझ नावाचा एक सीक्वेन्सर (स्वरांचा क्रम मांडून वाजवणारं सॉफ्टवेअर) होता, त्यात स्वरलिपीही होती. वर्नर श्वेअर यांनी २००२ मध्ये तो भाग त्यातून काढून वेगळा प्रकल्प केला. तोच आजचा म्यूझस्कोअर. कोडला नवं घर दिलं आणि दोन्ही प्रकल्प मोकळे झाले.

४. उद्दिष्टाला आकडे द्या

'वेगवान', 'सोपं', 'दर्जेदार' हे शब्द वादात कामाला येत नाहीत. संगीत सॉफ्टवेअरमध्ये मोजता येण्यासारखं बरंच असतं, आणि सगळ्यात आधी येते ती लेटन्सी, म्हणजे आवाज आत जाऊन बाहेर येईपर्यंतचा उशीर.

हिशेब सोपा आहे. संगणक आवाजाचे नमुने (सॅम्पल) गटागटानं हाताळतो, त्या गटाला बफर म्हणतात. बफरमधले नमुने भागिले सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला किती नमुने. ४४,१०० हर्ट्‌झला १२८ नमुन्यांचा बफर म्हणजे सुमारे २.९ मिलिसेकंद, ५१२ म्हणजे ११.६ आणि २,०४८ म्हणजे ४६.४ मिलिसेकंद. हा एका बफरचा आकडा झाला. आत येतानाचा आणि बाहेर जातानाचा बफर, शिवाय कार्डातलं रूपांतर धरलं की एकूण उशीर दुपटीच्या वर जातो. अंदाजासाठी एवढं लक्षात ठेवा की हवेतून आवाजाला एक मीटर जायला साधारण ३ मिलिसेकंद लागतात.

आता बघा, पहिल्या पायरीतलं वाक्य इथे कसं उपयोगी पडतं. थेट वाजवण्याचा सिंथेसायझर करत असाल तर छोटा बफर ही जीवनमरणाची गोष्ट. १२८ चा बफर भरण्याचं काम दर वेळी २.९ मिलिसेकंदांच्या आत संपलंच पाहिजे, एकदा जरी चुकलं तरी कट्‌ असा आवाज येतो. म्हणून त्या ऑडिओ थ्रेडमध्ये, म्हणजे आवाजाचं काम करणाऱ्या कोडच्या धाग्यात, मेमरी मागायची नाही, कुलूप लागलेल्या गोष्टीची वाट पाहायची नाही, डिस्कवरून वाचायचं नाही. ज्या भाषेचा गार्बेज कलेक्टर, म्हणजे वापरून झालेली मेमरी गोळा करणारा भाग, काम मधेच थांबवू शकतो, ती भाषा त्या थ्रेडसाठी टाळायची. म्हणजे भाषेची निवडसुद्धा उद्दिष्टातूनच आली.

आपल्या सराव-सॉफ्टवेअरला मात्र ही कसरत नको. विद्यार्थ्याचं वाद्य त्याच्या हातात आहे, त्याचा आवाज तो थेट ऐकतोय. फाइल वाजवायला २,०४८ चा बफर चालेल. तिथून वाचलेली ताकद टाइम-स्ट्रेचिंगच्या गुणवत्तेवर खर्च करा. पण कळ दाबल्यावर तुकडा सुरू व्हायला लागणारा वेळ महत्त्वाचा, कारण सराव करणारा ती कळ सतत दाबणार. म्हणून या प्रकल्पाचे आकडे वेगळे: कळ दाबल्यापासून १०० मिलिसेकंदांच्या आत आवाज, निम्म्या वेगापर्यंत ताल स्पष्ट ऐकू येणं, आणि पहिल्यांदा उघडणाऱ्याला दोन मिनिटांत पहिला तुकडा लूप करता येणं, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजता ठेवता येणं.

शेवटचा आकडा मोजायला माणूस लागतो. कोणालातरी शेजारी बसवा, काही न सांगता करू द्या, आणि स्वतः गप्प बसा. हे मनाला लागतं, पण याला पर्याय मला सापडलेला नाही. जमल्यास दृष्टिहीन वादकासोबतही हे करा. पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला बटणांची नावं कळायला हवीत ही गोष्ट पहिल्या आवृत्तीत थोडक्यात होते, पाचव्या आवृत्तीत घालायला गेलं की निम्मा इंटरफेस पुन्हा लिहावा लागतो.

५. जुनी फाइल उघडली पाहिजे: हे वचन द्यायचं का, ते ठरवा

माझ्या मते संगीत सॉफ्टवेअरमधला हा सगळ्यात गंभीर निर्णय आहे, आणि तो बहुधा कोणी घेतच नाही, तो आपोआप घडून जातो. पत्रलेखनाच्या सॉफ्टवेअरनं जुनी फाइल थोडी वेगळी दाखवली तर मजकूर तरी शाबूत राहतो. इथे आवाज हीच कृती आहे. एखाद्या फिल्टरचं गणित 'सुधारलं' आणि कोणाचं तरी पाच वर्षांपूर्वीचं गाणं वेगळं वाजू लागलं, तर ते गाणं आपण हरवलं.

कोड लिहून आवाज घडवण्याचं सीसाउंड हे सॉफ्टवेअर या बाबतीत आदर्श. एमआयटीत बॅरी व्हर्को यांनी १९८० च्या दशकात ते लिहिलं आणि जुन्या रचना नव्या आवृत्तीतही चालल्या पाहिजेत हा आग्रह त्या प्रकल्पानं जपला. याची किंमत असते: जुने, गैरसोयीचे मार्गही सांभाळत बसावे लागतात. म्हणून वचन देताना त्याची हद्द स्पष्ट लिहा. तीन पातळ्या करता येतात. फाइल उघडेल. फाइल उघडेल आणि कानाला तशीच वाटेल. किंवा फाइल उघडेल आणि नमुन्यागणिक तोच आवाज येईल.

पातळी ठरली की ती तपासायची सोय लगेच करा. काही नमुना-प्रकल्प रेपोमध्येच, म्हणजे प्रकल्पाचा कोड साठवतात तिथेच, ठेवा. प्रत्येक रिलीजआधी ते रेंडर करून, म्हणजे त्यांच्या ध्वनिफाइल बनवून, मागच्या आवृत्तीच्या ध्वनिफाइलमधून वजा करा. उरलेलं शून्य किंवा ठरवलेल्या मर्यादेखाली आलं तर ठीक. आवाजात यादृच्छिक भाग असेल तर चाचणीसाठी त्याचं बीज (सीड, ज्या आकड्यापासून ते यादृच्छिक आकडे सुरू होतात) कायम ठेवा, नाहीतर वजाबाकीला अर्थ राहत नाही. गणित बदलणं खरंच गरजेचं असेल तर नवं गणित नव्या नावानं आणा आणि जुन्या फायलींना जुनंच वापरू द्या.

फाइलची रचनाही इथेच ठरते. ऑडॅसिटीत पूर्वी प्रकल्पाची एक छोटी फाइल आणि शेजारी डेटाचं वेगळं फोल्डर असे. एक हलवून दुसरं मागे राहिलं की आवाज गायब. २०२१ च्या ३.० आवृत्तीत सगळं एका फाइलमध्ये आणलं गेलं. त्या निर्णयामागे फाइल कुठेही कॉपी करणारा साधा माणूस दिसतो.

६. परवाना आणि इतरांचा कोड

परवाना शेवटी बघू, असं म्हणू नका. आपल्या प्रकल्पात टाइम-स्ट्रेचिंगसाठी रबर बँड ही नावाजलेली लायब्ररी (इतरांनी लिहिलेला तयार कोड) घ्यावीशी वाटेल. ती जीपीएल या खुल्या परवान्याखाली किंवा पैसे भरून व्यावसायिक परवान्याखाली मिळते. जीपीएलचा मार्ग घेतला की सॉफ्टवेअर वाटताना ते संपूर्ण जीपीएलच्या अटींनी वाटावं लागेल. जवळपास काहीच अटी न घालणाऱ्या एमआयटी परवान्याचं स्वप्न असेल तर ते इथेच थांबतं. साउंडटच ही त्याच कामाची दुसरी लायब्ररी एलजीपीएलखाली आहे, तिथे अटी सैल आहेत. आधी दोन्हींचा आवाज ऐका, मग परवाने वाचा, मग ठरवा. या क्रमानं, कारण उद्दिष्टात आवाजाची गुणवत्ता वर आहे.

वितरण कुठे करायचं तेही आत्ताच विचारात घ्या. व्हीएलसी हा प्लेअर जीपीएल आणि ॲपलच्या स्टोअरच्या अटी जुळत नसल्याच्या तक्रारीनंतर जानेवारी २०११ मध्ये तिथून काढला गेला. त्यानंतर त्या मंडळींना कोड लिहिणाऱ्या असंख्य लोकांची संमती मिळवून मूळ लायब्ररीचा परवाना बदलावा लागला, आणि प्लेअर २०१३ मध्ये परतला. मोबाइल तुमच्या उद्दिष्टात असेल तर हा प्रश्न बाहेरच्या माणसाच्या पहिल्या पुल रिक्वेस्टच्या (कोड सामील करून घेण्याच्या विनंतीच्या) आधी सोडवा. नंतर प्रत्येकाला शोधत फिरावं लागतं.

पैशाबद्दल थोडक्यात. आर्डरचा सोर्स कोड खुला आहे, पण तयार बिल्ड, म्हणजे लगेच चालवता येणारी प्रत, उतरवण्यासाठी पैसे द्यावे लागतात. ओपन सोर्समध्ये हे पूर्ण वैध आहे. पैसे कुठून येणार यावर दिशा हळूहळू झुकते, म्हणून मार्ग कोणताही असो, तो उद्दिष्टांच्या कागदावर उघड लिहिलेला असू द्या.

७. निर्णय कोण घेणार

दोन-तीन जणांच्या प्रकल्पाला समिती नको. पण मतभेद झाला तर शेवटचा शब्द कोणाचा, हे नावानिशी लिहिलेलं हवं. वेगवेगळ्या भागांसाठी वेगळी माणसं असू शकतात: ऑडिओ इंजिनचा शब्द एकाचा, इंटरफेसचा दुसऱ्याचा.

मोठ्या निर्णयांसाठी रेपोमध्येच एक फोल्डर ठेवा आणि प्रत्येक निर्णयाला एक पान द्या. प्रश्न काय होता, कोणते पर्याय पाहिले, काय ठरलं, कोणत्या परिस्थितीत पुन्हा विचार करू. चार परिच्छेद पुरतात. नव्या माणसाला जुना वाद पुन्हा उकरण्याआधी ते पान दाखवता येतं, आणि त्याच्याकडे खरंच नवी माहिती असेल तर तीही त्या पानाशी ताडून पाहता येते.

वापरणाऱ्यांच्या माहितीचा प्रश्न यातही वेगळा ठेवा. २०२१ मध्ये ऑडॅसिटी म्यूझ ग्रुप या कंपनीकडे गेल्यावर वापराची माहिती गोळा करण्याचा प्रस्ताव आला. ती संमतीनं घ्यायची होती, तरी इतका विरोध झाला की तो मागे घ्यावा लागला. पुढे गोपनीयता धोरणावरूनही वाद पेटला आणि काहींनी फोर्क, म्हणजे तोच कोड घेऊन वेगळे प्रकल्प, काढले. सॉफ्टवेअर इंटरनेटवर काय पाठवणार आणि काय कधीच पाठवणार नाही, हे पहिल्या दिवशी एका ओळीत लिहा. आपलं सराव-सॉफ्टवेअर काहीच पाठवणार नाही, कारण विद्यार्थ्याच्या क्षणाला त्याची गरज नाही.

८. रोडमॅप तारखांचा नको

फावल्या वेळात काम करणाऱ्या माणसांच्या तारखा टिकत नाहीत, आणि हुकलेली प्रत्येक तारीख विश्वास खाते. मी तीन रकाने ठेवतो: आत्ता, यानंतर, कधीतरी. 'आत्ता'मध्ये तीनपेक्षा जास्त गोष्टी नाहीत. प्रत्येक गोष्ट कामाच्या रूपात लिहायची. 'लूप इंजिन पुन्हा लिहिणं' असं नको, 'लूपच्या सांध्यावर आवाज न येणं' असं हवं. मग ती पूर्ण झाली की नाही हे कोड न वाचणाऱ्यालाही सांगता येतं.

'कधीतरी'चा रकाना वर्षातून एकदा निर्दयपणे रिकामा करा. तिथे पडून राहिलेली गोष्ट कोणाला तरी आशेवर ठेवत असते.

९. मागणी आली की

मागणी हे बहुतेकदा कोणाला तरी सुचलेलं उत्तर असतं, त्यामागचा प्रश्न वेगळाच निघतो. 'इक्वलायझर घाला' असं कोणी म्हणालं तर विचारा, 'हे हवंसं वाटलं तेव्हा तुम्ही काय करत होतात?' उत्तर येतं, की गर्दीच्या मिश्रणात त्यांना मंद्रातलं वाद्य नीट ऐकू येत नव्हतं. मग 'खालचा भाग उठून ऐकवा' असं एकच बटण त्यांच्या सरावाला पुरतं, आणि ते आपल्या वाक्यात बसतंही.

बसत नसेल तर लवकर आणि स्पष्ट नाही म्हणा, कारणाच्या ओळीचा दुवा द्या आणि जमलं तर दुसरं योग्य साधन सुचवा. तयार कोड घेऊन आलेल्याला नाही म्हणणं सगळ्यात अवघड. म्हणून मोठं काम हाती घेण्याआधी चर्चा करावी, ही विनंती रीडमीत, प्रकल्पाच्या ओळखपत्रिकेत, ठळक असू द्या. एखाद्याचे तीन आठवडे वाचवणं हा त्याचा आदरच आहे.

१०. पुनर्विचार आणि सुपूर्द करणं

वर्षातून एकदा पहिलं वाक्य काढून मोठ्यानं वाचा आणि प्रत्यक्षात कोण वापरतंय ते त्याच्याशी ताडा. समजा सराव-सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांपेक्षा नृत्याचे शिक्षक जास्त वापरू लागले. त्यांचे हात मोकळे असतात, पण ते खोलीच्या दुसऱ्या टोकाला असतात. तिथे दोनच मार्ग: वाक्य बदलायचं आणि पुढच्या मोठ्या आवृत्तीत तसं जाहीर करायचं, किंवा वाक्य तसंच ठेवून त्यांना फोर्कसाठी मदत करायची. वाक्य न बदलता हळूच त्यांच्या बाजूला सरकलं तर दोन्ही गटांची गैरसोय होते.

तुमचा स्वतःचा उत्साह ओसरेल, तोही दिवस येईल. त्याची तयारी उत्साह असतानाच करावी लागते. रिलीजवर सही करण्याच्या किल्ल्या, डोमेनचं नूतनीकरण, रेपोचे प्रशासकीय अधिकार, देणग्यांचं खातं आणि बिल्ड बनवण्याच्या पायऱ्या: यातली प्रत्येक गोष्ट निदान दोघांकडे असावी. वर्षातून एक रिलीज मुद्दाम दुसऱ्या माणसाकडून करून घ्या, तुम्ही कळफलकाला हात न लावता. जिथे त्याला तुम्हाला विचारावं लागेल, तिथे अजून लिहिलेलं नाही असं समजा आणि तेवढी ओळ त्याच दिवशी कागदात घाला.